वजनकाटा कोणाच्या हाती

खेड्यातल्या लहान मुलांच्या आजारपणाचे बहुतेक निर्णय दवाखान्यात होत नाहीत. ते घरात, शेताच्या बांधावर आणि ओसरीवर होतात. बाळंतिणीचा पहिला चीक बाळाला पाजायचा की पिळून टाकायचा, उष्टावण सहाव्या महिन्यात करायची की दात दिसेपर्यंत थांबायचे, हगवण लागल्यावर पेज द्यायची की पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवायचे, बाळाचे पोट उडू लागले तर आधी कोणाकडे न्यायचे, हे सारे आई, सासू, दाई, शेजारीण, भगत आणि घरातली रोकड मिळून ठरवतात. डॉक्टरचा क्रमांक त्यानंतर लागतो. न्यूमोनिया, अतिसार आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातला जंतुसंसर्ग हे बालमृत्यूंचे जुने वाटेकरी. तिघांनाही वेळ फार थोडा लागतो, आणि तो वेळ बहुधा या घरगुती सल्लामसलतीतच निघून जातो.

म्हणून बालआरोग्याच्या प्रत्येक सरकारी योजनेत ‘लोकसहभाग’ हा शब्द असतो. त्याचा अर्थ मात्र प्रभातफेरी, पोषण सप्ताहातली रांगोळी, ग्रामसभेतल्या सह्या आणि अंगणवाडीच्या कुंपणासाठी श्रमदान इथपर्यंतच येऊन थांबतो. महाराष्ट्रात गेल्या अर्धशतकात जे प्रयोग खरोखर फळले, त्यांत हा शब्द बराच जड होता. आजार ओळखण्याचे ज्ञान, मूल मोजण्याचे साधन आणि त्यावरून निर्णय घेण्याचा अधिकार या तिन्ही गोष्टी तिथे गावातल्या बाईच्या हाती गेल्या. जिथे त्या वरच्या कचेरीतच राहिल्या, तिथे सहभाग हजेरीपटावर उरला.

या कथेचा पहिला टप्पा जामखेडचा. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या या अवर्षणग्रस्त तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये आले. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरला आणि सार्वजनिक आरोग्याचे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात झाले होते. त्या वेळी जामखेडच्या परिसरात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे १७६ मुले पहिला वाढदिवस पाहत नसत आणि पाच वर्षांखालील शंभरातली चाळीसएक मुले कुपोषित होती. औषधपेटी घेऊन गावात गेले की लोक औषधाचे नाव काढत नसत. त्यांना पाणी आणि अन्न हवे होते. १९७२ चा दुष्काळ तोंडावर होता. आरोळे यांनी मागणीचा हा क्रम मान्य केला, आणि प्रकल्पाच्या यशाचे मूळ तिथेच आहे. कूपनलिका खोदल्या गेल्या, मुलांसाठी सामूहिक स्वयंपाक सुरू झाला आणि चूल पेटवण्यापासून वाढण्यापर्यंतची जबाबदारी गावाने घेतली.

हातपंप कुठे बसवायचा, हा प्रश्न वरकरणी भूगर्भशास्त्राचा. जामखेडच्या गावांत तो दलित वस्तीत बसवण्याचा आग्रह धरला गेला. दुष्काळात पाणी हवे असेल तर साऱ्या गावाला तिथे जाऊनच भरावे लागे. पुरुषांना एकत्र आणण्यासाठी व्हॉलीबॉलचे सामने भरत. एका संघात खेळलेले वेगवेगळ्या जातींचे तरुण नंतर शेतकरी मंडळात शेजारी बसत. बालआरोग्याच्या पाठ्यपुस्तकात व्हॉलीबॉल सापडत नाही. पण जे गाव एका पंपावर पाणी भरत नाही, ते एका पंगतीत मुलांना जेवू घालणार नाही, हे आरोळे दांपत्याने वेळीच ओळखले होते.

सुरुवातीला प्रशिक्षित परिचारिका गावोगाव पाठवण्याचा प्रयत्न झाला. तो फसला. शहरी वळणाची एकटी तरुण मुलगी गावात राहायला कचरे आणि गाव तिचे ऐकायला. मग गावातलीच, लेकुरवाळी, बहुधा निरक्षर आणि अनेकदा खालच्या मानलेल्या जातीतली बाई ग्रामआरोग्य सेविका म्हणून निवडली जाऊ लागली. या बाया दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र झोपत, आपापल्या गावातल्या घटना सांगत आणि त्यांतून शिकत. परीक्षा नव्हती आणि प्रमाणपत्राचा सोसही नव्हता. शिकलेले परत गावात जाऊन महिला मंडळाला शिकवायचे, ही अट होती. ज्ञान सेविकेपाशीच साठून राहिले असते तर गावात आणखी एक छोटी डॉक्टरीण तयार झाली असती, एवढेच.

परिणाम लवकर दिसला. बालमृत्यूचा दर पहिल्या पाच-सहा वर्षांतच हजारी ५० च्या आसपास उतरला आणि १९९० च्या दशकात पंचविशीजवळ आला. एवढी घसरण होण्यासाठी मोठे रुग्णालय लागले नाही. लसीकरण, स्वच्छ बाळंतपण, मीठ-साखर-पाणी, वेळेवर वरचे अन्न आणि दर महिन्याचे वजन एवढ्यावर ते झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांनीच चालवलेल्या आरोग्यसेवेच्या उदाहरणांचे पुस्तक काढले, त्यात जामखेडचा समावेश होता. तीन वर्षांनी अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला. १९७९ मध्ये या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

नक्कल मात्र सोपी नव्हती. केंद्र सरकारने १९७७ मध्ये गावागावांत जनस्वास्थ्य रक्षक नेमण्याची योजना आणली. निवड बहुतेक ठिकाणी गावपुढाऱ्यांच्या मर्जीने झाली आणि निवडलेल्यांत बहुसंख्य पुरुष होते. बाळंतिणीच्या खोलीत ज्यांना पाऊल ठेवता येत नाही, त्यांच्याकडे बाळाचे आरोग्य सोपवले गेले. पुढे ही योजना मानधनाच्या वादात आणि दुर्लक्षात विरून गेली. घराघरात जाणारी ‘आशा’ स्त्रीच असली पाहिजे, हे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ मध्ये ठरवले. मधली अठ्ठावीस वर्षे या साध्या गोष्टीच्या शिकवणीत गेली.

दुसरा टप्पा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था काढली. त्यांच्या रुग्णालयाची बांधणी गोंडी वस्तीच्या धर्तीवर झाली आणि आदिवासींच्याच म्हणण्यानुसार त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. मोठ्या पांढऱ्या इमारतीत माणूस मरायला जातो, अशी धास्ती घेतलेल्या लोकांसाठी ही गोष्ट दिसते तेवढी किरकोळ नव्हती.

सर्चचा पहिला मोठा प्रयोग न्यूमोनियाचा. लहान मुलाचा न्यूमोनिया ओळखायला क्ष-किरण यंत्र लागतेच असे नाही. मिनिटाला श्वास किती, हे मोजले तरी बराच उलगडा होतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास साठ किंवा त्याहून अधिक वेळा चालत असेल तर धोका समजायचा. पण अनेक दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हते. त्यासाठी एक साधे श्वासमापक तयार झाले: एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या रंगीत मण्यापर्यंत हात पोचला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आले की निदान करता येई. मग कोट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या किंवा सिरप. शंभराहून अधिक गावांत झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ज्या गावांत हा उपचार उपलब्ध होता तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. प्रतिजैविके निरक्षर बाईच्या हाती द्यावीत का, या वादाला तोवर वैद्यकीय परिषदांत कंठ फुटला होता. उत्तर गावाने आधीच दिले होते.

त्याहून अवघड होता जन्मानंतरचा पहिला महिना. १९९५-९६ मध्ये गडचिरोलीतल्या ३९ गावांत घरी जाऊन ७६३ नवजात बाळांचे निरीक्षण करण्यात आले. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती, आणि शंभरातल्या तीन बाळांनाही ते मिळत नव्हते. बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, बाळ तिच्या कुशीत, आणि बाहेरच्यांना मज्जाव. या खोलीत जायची मुभा गावातल्याच बाईला असते. म्हणून पाच-दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्या स्त्रिया ‘आरोग्यदूत’ म्हणून निवडल्या गेल्या. बाळाला वजनकाट्यावर झोळीत तोलणे, तापमान घेणे, गारठलेल्या बाळाला उबेच्या पिशवीत ठेवणे, जन्मतः न रडलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे जुळली तर जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे इतके सारे त्या शिकल्या.

३९ गावांत ही सेवा आणि ४७ गावांत नेहमीची सरकारी व्यवस्था अशी तुलना होती. सेवेच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी ६२ होता, तो तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२ टक्क्यांची होती. १९९९ च्या डिसेंबरात हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाल्यावर गडचिरोलीचे नाव जगभरच्या आरोग्य विद्यापीठांत गेले. २०११ पासून ‘घरच्या घरी नवजात बालकाची काळजी’ हा राष्ट्रीय कार्यक्रम झाला: दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाच्या सहा भेटी, घरी झाले असेल तर सात, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत, आणि त्यासाठी २५० रुपये. २०१८ मध्ये तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या आणखी पाच भेटी जोडल्या गेल्या. जो भाग मृत्यू रोखण्यात सर्वांत मोलाचा होता, तो म्हणजे इंजेक्शनचा अधिकार, देशातल्या बहुतेक आशांना मिळाला नाही. कार्यक्रम स्वीकारताना सरकारने भेटी घेतल्या आणि विश्वास मागे ठेवला, असे म्हणायला जागा आहे.

गावातल्या स्त्रियांनी स्वतः बसून प्रश्नांचा क्रम लावला तर काय होते, याचा पुरावा महाराष्ट्राबाहेरही आहे. झारखंड आणि ओडिशातल्या आदिवासी जिल्ह्यांत ‘एकजुट’ या संस्थेने महिला गटांच्या मासिक बैठका घेतल्या. औषध वाटले नाही, तपासणी केली नाही. गोष्टी, चित्रे आणि खेळांतून बाया स्वतःच कारणे शोधत आणि उपाय ठरवत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तीन वर्षांत नवजात मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

महाराष्ट्र सरकारचा या विषयाशी संबंध मुख्यतः संकटातून आला. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, त्यांत मेळघाटातले धारणी होते. म्हणजे अंगणवाडी देशात सर्वांत आधी पोचली त्यांतला हा तालुका. तरीही १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या आणि पाठोपाठ मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरले, जनहित याचिका झाल्या आणि १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. अंगणवाडी होती, सुकडी होती, रजिस्टर होते. पाडा तीन-चार किलोमीटरवर, मधला ओढा पावसाळ्यात भरलेला, सेविकेची भाषा मराठी आणि आईची कोरकू असेल, तर रजिस्टरात मूल दिसते आणि ताटात अन्न दिसत नाही.

मुळात नोंदच खोटी असली तर गाव काय आणि सरकार काय, दोघेही आंधळे. २००१ च्या सुमारास तेरा स्वयंसेवी संस्थांनी सर्चच्या पुढाकाराने राज्यभरातल्या गावांत आणि काही झोपडपट्ट्यांत बालमृत्यू मोजले. त्या अहवालाचे नाव ‘कोवळी पानगळ’. प्रत्यक्ष मृत्यू आणि सरकारी नोंदी यांत त्यांना प्रचंड तफावत आढळली. तिचे कारण आळस एवढेच नव्हते. ज्या परिचारिकेने मृत्यू कळवावा, तिलाच खुलासा मागितला जाई. साहजिकच जगून मेलेले बाळ कागदावर मृतजन्म ठरे आणि तीव्र कुपोषित मूल एक श्रेणी वर सरके. गावाने मोजलेला आकडा गावाच्या उपयोगाचा असतो, वरिष्ठांसाठी मोजलेला आकडा वरिष्ठांना आवडेल असा होत जातो.

या दबावातून सरकारने डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. २००५ मध्ये औरंगाबादेत ‘राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन’ उभे राहिले. अशा प्रकारचे देशातले हे पहिले राज्य मिशन. पहिले हजार दिवस हा त्याचा भर. तीव्र कुपोषित म्हणजे ‘सॅम’ मुलांसाठी ग्राम बालविकास केंद्रांची पद्धत याच काळात रुजली. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलेले, पण भूक शाबूत असलेले मूल महिनाभर दिवसा अंगणवाडीतच राहते आणि थोडे थोडे करून अनेक वेळा खाते. इथे एक जुने घरगुती शास्त्र कामाला आले. लापशी घट्ट असली तर लहान मूल गिळत नाही, पातळ केली तर पोट पाण्याने भरते. गहू किंवा नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळले तर त्या पिठात अमायलेज तयार होते. त्याची चिमूट घट्ट लापशीत टाकली की ती पाहता पाहता सैल होते, आणि कस तोच राहतो. कारखाना लागत नाही. केंद्र चांगले चालते तिथे आई हे पीठ घरी नेते. वाईट चालते तिथे निधी उशिरा येतो, आईची मजुरी बुडते आणि तिसऱ्या आठवड्यात मूल दिसेनासे होते. मधूनच एखादा अधिकारी कुपोषित मूल ‘दत्तक’ घेतो. छायाचित्रातली फळांची टोपली मोठी असते, पुढच्या महिन्याचे वजन कोणी विचारत नाही.

अन्न कोण शिजवणार, हा प्रश्न मुलांच्या पोटाइतकाच पैशाचाही आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो. तो अनेक ठिकाणी बचत गट शिजवतात. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र घरपोच आहाराची पाकिटे आली. शिरा, उपमा, सुकडी अशी नावे छापलेली ही पाकिटे कित्येक पाड्यांत शेळ्यांच्या पुढ्यात जातात, याच्या तक्रारी जुन्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्येच आदेश दिला होता की पूरक आहाराच्या पुरवठ्यात कंत्राटदार नकोत, तो ग्रामसमुदाय, बचत गट आणि महिला मंडळांकडून घ्यावा. महाराष्ट्रात त्यावर शक्कल निघाली. न्यायालयाच्या आयुक्तांनी २०१२ मध्ये नोंदवले की महिला मंडळांच्या नावाआड खासगी उद्योगच पुरवठा करीत आहेत. २०१६ ची राज्याची निविदाप्रक्रिया अखेर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये रद्द केली: अटीच अशा होत्या की खऱ्याखुऱ्या गावच्या बचत गटाला उंबरठाही ओलांडता येऊ नये.

याच्या उलट दिशेने गेलेली योजना म्हणजे २०१५ ची डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना. अनुसूचित क्षेत्रातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार, म्हणजे भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, अंडे, शेंगदाण्याचा लाडू; आणि मुलांना अंडी किंवा केळी. खरेदी आणि देखरेख गावच्या आहार समितीकडे. सेविकेने समितीच्या नावावरचे पैसे काढायचे, बाजार करायचा आणि हिशेब गावापुढे ठेवायचा. निधी आणि मदतनिसाचे मानधन वेळेवर आले नाही तर सेविका वाण्याकडे उधारी करते. तरीही ताटात काय आले, हे पाड्यातल्या बायांना त्याच दिवशी दिसते. पाकिटात काय आले, हे पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेतच कळते.

गावाला दिसते ते बोलण्याची जागाही लागते. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला; पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे समन्वय होता आणि अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे व ठाणे हे पहिले पाच जिल्हे. गाव आरोग्य समितीने परिचारिकेची भेट, लसीकरण, औषधसाठा, अंगणवाडीचा आहार अशा बाबींना लाल, पिवळा, हिरवा रंग द्यायचा. तो तक्ता भिंतीवर लागायचा. आणि वर्षाकाठी जनसुनवाईत आरोग्य अधिकारी समोर बसून उत्तरे द्यायचे. बंद उपकेंद्रे उघडली, सरकारी दवाखान्यात बेकायदा पैसे घेणे काही ठिकाणी थांबले. अधिकाऱ्यांना ही सुनावणी आरोपीच्या पिंजऱ्यासारखी वाटली, हेही खरे; ज्या जिल्ह्यांत दोन्ही बाजूंनी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सूर बदलला, तिथे ती टिकली.

गावाच्या हाती पैसा अगदीच नसतो असेही नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी वापरायचा असतो. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून पेसा कायद्याखालच्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या, गावांना थेट मिळू लागला. पण खर्चाची यादी पाहिली की शिलाई यंत्रे, सतरंज्या आणि नामफलक पुढे असतात. पाळणाघर क्वचितच दिसते, आणि दिवसभर मजुरीला जाणाऱ्या आईच्या तान्ह्या मुलाला पाळणाघराएवढा उपयोग दुसऱ्या कशाचाच नाही. सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर सोडलेले दीड वर्षाचे मूल दिवसातून दोनदाच खाते. तिथे समुपदेशनाने भर पडत नाही.

आता हिशेब. राज्याचा अर्भक मृत्युदर २०२० पर्यंत हजारी १६ वर आला होता. केरळसारखी मोजकी राज्ये सोडली तर ही कामगिरी उत्तम आहे. पोषणाचे आकडे मात्र हलायला तयार नाहीत. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातली ४६ टक्के मुले खुजी होती. २०१५-१६ मध्ये ते प्रमाण ३४ वर आले, आणि २०१९-२१ मध्ये ३५ वर थबकले. लुकड्या म्हणजे उंचीच्या मानाने कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण उलट वाढून पंचवीस टक्क्यांच्या वर गेले आणि २०१९-२१ मध्येही तिथेच होते. मृत्यू रोखायला वेळेवर औषध आणि जागरूक बाई पुरते. वाढ होण्यासाठी रोजचे अन्न, निर्मळ पाणी, आईच्या अंगावरचे मांस आणि तिच्या हाताशी वेळ लागतो. विशीतल्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले असताना कमी वजनाची बाळे कमी कशी होणार? रानभाज्यांचे महोत्सव आणि अंगणवाडीतली परसबाग चांगली आहे, पण ती या प्रश्नाच्या काठावरच फिरते.

मोजणी पुन्हा गावाच्या हातून निसटण्याचा धोकाही वाढला आहे. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप आले आणि वजन-उंची थेट दिल्लीच्या संगणकात जाऊ लागली. सुरुवातीला ते इंग्रजीत होते आणि दिलेले मोबाईल निकृष्ट. राज्यातल्या सेविकांनी त्याच वर्षी ते मोबाईल सरकारला परत केले. भाषेचा अडसर पुढे कमी झाला. पण वाढीचा जो आलेख आईला बोट ठेवून दाखवता येई, तो पडद्याआड गेला. दर महिन्याला मुलाचे वजन पहिल्यांदा कळण्याचा हक्क आईचा आहे, त्यानंतर गावाचा. जिल्ह्याचा आणि राजधानीचा त्यानंतर. अंगवळणी पडलेला क्रम उलटा आहे.

भगतालाही या व्यवस्थेत जागा द्यावी लागते. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाच्या डागण्या देण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही, आणि आई आधी भूमकाकडेच, म्हणजे तिथल्या भगताकडेच, जाते. त्याला खलनायक ठरवून काही साधले नाही, तेव्हा आरोग्य विभागाने रुग्ण दवाखान्यात आणणाऱ्या भूमकाला मोबदला देण्याची वाट धरली. तो मंत्र म्हणतो आणि मग पोर दवाखान्यात पाठवतो. ही तडजोड अनेक डॉक्टरांना रुचत नाही, आयांना चालते.

सगळ्यात मोठी अडचण मात्र ‘गाव’ या कल्पनेतच आहे. जामखेड, गडचिरोली, आहार समिती, जनसुनवाई, साऱ्यांनी गृहीत धरलेले असते की मूल वर्षभर एकाच गावात असेल. दिवाळीनंतर बीडचे कोयते पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या उसाच्या फडात जातात; मोखाडा-जव्हारची कुटुंबे वीटभट्ट्यांवर, मेळघाट-नंदुरबारची बांधकामावर आणि गुजरातेत. अक्राणी-धडगावच्या पाड्यात डिसेंबरात म्हातारेच उरतात, आणि होळीला परतलेल्या मुलांचे वजन केले की पावसाळ्यानंतरची कमाई निघून गेलेली असते. राज्याने २०२२ पासून स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणाली काही जिल्ह्यांत सुरू केली. तिने मूल कुठे गेले ते कळते. पोचलेल्या ठिकाणी अंगणवाडीने त्याला दाखल करून घ्यायचे असते, आणि काही सेविका तसे करतातही. पण फडातल्या पालावरच्या मुलासाठी तिथल्या आहार समितीत बसणारे कोणी नसते, तिथल्या ग्रामसभेत त्याच्या आईला आवाज नसतो, आणि मुकादमाच्या उचलीत पाळणाघराचा उल्लेख नसतो. साखर कारखान्यांनी फडाच्या ठिकाणी पाळणाघर आणि आहाराची सोय करावी, ही मागणी ऊसतोड कामगारांच्या संघटना अनेक हंगाम मांडत आल्या आहेत. तिच्यावर अंमल व्हायचा असेल तर वजनाची वही कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याच्या टेबलावरही यावी लागेल.